ऐवज तिसऱ्याचा

१८ मे २०१७ या दिवशी झोमॅटोने आपल्या ग्राहकांना कळवलं, की सुमारे १ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली आहे. कार्डांचे आणि पैशांचे तपशील वेगळ्या जागी असल्यामुळे वाचले. पण नावं, ईमेल पत्ते आणि कित्येकांचे सांकेतिक रूपात साठवलेले पासवर्ड गेले होते. माल डार्क वेबवर विक्रीलाही लागला होता. इथवरची हकीकत आता आपल्या अंगवळणी पडली आहे. पुढची मात्र तशी नव्हती. कंपनीने हॅकरशी संपर्क साधला, तेव्हा त्याची मुख्य मागणी निघाली ती अशी: आपल्या व्यवस्थेत दोष आहेत हे कबूल करा, आणि असे दोष शोधून देणाऱ्यांसाठी बक्षीस योजना नीट चालवा. कंपनीने ते मान्य केलं. हॅकरने विक्रीची जाहिरात उतरवली आणि आपल्याकडच्या प्रती नष्ट करायचं कबूल केलं. कंपनीने तर त्याने उत्तम सहकार्य केल्याचं जाहीरपणे लिहिलं. योजना सुरू झाली, दोष बुजले, पुढे कुणी नवा दोष दाखवला तर त्याला मोबदला मिळण्याची सोय झाली. सगळ्यांचं भलंच झालं म्हणायचं की! तरीही या व्यवहारात काहीतरी खटकतं. ते नेमकं काय, हे सांगता आलं पाहिजे. कारण कंपन्यांचा ढिसाळपणा उघडा पाडण्यासाठी त्यांच्यात घुसणं योग्य की अयोग्य, या वादाचा निकाल तिथेच लागतो.

आधी हॅकरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. चोरी कशी झाली हे कंपनीने नंतर स्वतःच सांगितलं. २०१५ च्या अखेरीस, फुकटात वेबसाइट ठेवू देणाऱ्या एका परदेशी सेवेचे पासवर्ड फुटले. त्या यादीत झोमॅटोच्या एका डेव्हलपरचाही ईमेल आणि पासवर्ड होता. तोच पासवर्ड त्याने गिटहबवरही, म्हणजे प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात तिथे, वापरला होता आणि तिथे दुहेरी पडताळणी चालू नव्हती. हॅकर तेवढ्यावर कंपनीच्या कोडपर्यंत पोचला. नुसत्या कोडने ग्राहकांची माहिती मिळत नव्हती, कारण डेटाबेस ठरावीक ठिकाणांहूनच उघडत होता. पण कोड चाळताना त्यात एक भगदाड सापडलं आणि त्यातून आत जाता आलं. म्हणजे कुठे अचाट बुद्धी लागली नाही. कोट्यवधी लोकांच्या माहितीची राखण एका माणसाच्या एका सवयीवर अवलंबून होती. हे लोकांना कळायला हवं होतं यात वाद नाही. वाद आहे तो ते कसं कळवलं याचा.

आणि तो वाद सोडवायला याच कंपनीची दुसरी गोष्ट उपयोगी पडते. २०१५ च्या जूनमध्ये आनंद प्रकाश या सिक्युरिटी रिसर्चरला झोमॅटोच्याच ॲपमध्ये एक दोष सापडला. ॲप सर्व्हरकडे आपल्या खात्याचे तपशील मागतं, तेव्हा सोबत आपला क्रमांक पाठवतं. हा क्रमांक बदलून दुसऱ्याचा घातला, तर सर्व्हर ‘तुम्ही कोण’ असं विचारतच नव्हता. दुसऱ्याचा फोन नंबर आणि इतर खासगी माहिती निमूटपणे हातावर ठेवत होता. तेव्हा वापरकर्ते होते ६ कोटी २५ लाख. क्रमांक एकेकाने वाढवत नेणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला असता, तर सगळी यादी उतरवून घेता आली असती. त्याने तो लिहिला नाही. दोष असल्याची खात्री केली, कंपनीला कळवलं, कंपनीने तो तातडीने बुजवला, आणि मग त्याने सगळा प्रकार लेख लिहून जगाला सांगितला. दोन वर्षांच्या अंतराने त्याच कंपनीत दोन माणसं घुसली. दोघांनीही परवानगी घेतली नव्हती, दोघांनाही ढिसाळपणा दिसला, दोघांमुळेही कंपनी सुधारली. हेतू आणि परिणाम एवढ्याच फूटपट्ट्या लावायच्या तर दोघांना एकाच पंक्तीला बसवावं लागेल. फरक दिसतो तो तिसरी फूटपट्टी लावल्यावर: काम झाल्यावर कुणाच्या हातात काय उरलं? एकाच्या हातात पुरावा उरला, दुसऱ्याच्या हातात १ कोटी ७० लाख माणसं.

या विषयावर बोलताना नेहमी घराचं उदाहरण देतात. कुणी माझ्या घराची कडी सैल आहे हे दाखवायला आत शिरला तर मी त्याचे आभार मानीन का, वगैरे. उदाहरण पटण्याजोगं वाटतं, पण ते चुकीचं आहे. घरातली वस्तू घरमालकाची असते. कंपनीच्या सर्व्हरवर असतो तो दुसऱ्यांचा ऐवज; तेव्हा तुलना करायचीच तर बँकेच्या लॉकरच्या खोलीशी करायला हवी. तिथलं कुलूप बँकेचं, भिंत बँकेची, दागिने मात्र गावातल्या लोकांचे. एवढं ध्यानात घेतलं की दोन्ही बाजूंची बरीच भाषणं फोल ठरतात. ‘आमच्या आवारात कुणी पाऊल टाकायचं नाही’ असं बँक म्हणते, तेव्हा ती दुसऱ्याच्या दागिन्यांच्या सुरक्षेला आपली खासगी बाब मानत असते. आणि ‘बँकेला धडा शिकवला’ असं म्हणत जो दागिन्यांची पेटी चौकात उघडतो, तो धडा बँकेला नव्हे, दागिनेवालीला शिकवत असतो. हॅकर विरुद्ध कंपनी अशी ही कुस्ती रंगवली जाते. त्यात ज्याचा ऐवज आहे तो तिसरा माणूस कुणाच्या खिजगणतीत नसतो. माझा मुद्दा एवढाच आहे, की घुसण्याच्या नैतिकतेचा हिशेब या तिसऱ्यापासून सुरू करावा. दोष सिद्ध करायला जितकं लागतं तितकंच पाहावं, शक्यतो आपल्याच दुसऱ्या खात्यावर पाहावं. त्यापुढे एक जरी नोंद उचलली तरी ती पुरावा राहत नाही, लूट होते. मग ती पुढे नष्ट केली असं कितीही शपथेवर सांगितलं तरी.

वाद जुना आहे, संगणकांपेक्षाही जुना. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग हे मार्कोनीच्या बिनतारी संदेशयंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक देत होते. खुद्द मार्कोनी दूर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून संदेश पाठवणार होता. आपले संदेश ठरावीक लहरीवर बांधलेले असल्यामुळे खासगी राहतात, त्यांत कुणी ढवळाढवळ करू शकत नाही, असा त्याचा दावा होता. ठरलेला संदेश यायच्या आधीच यंत्र मोर्समध्ये ‘उंदीर, उंदीर’ असं बडबडू लागलं, मागोमाग मार्कोनीची टर उडवणारी कविताही आली. करणी होती नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराची. त्याने जवळच स्वतःचं प्रेषकयंत्र लावलं होतं. फ्लेमिंगने ‘टाइम्स’मध्ये संतापून पत्र लिहिलं आणि या प्रकाराला विज्ञानातली गुंडगिरी ठरवलं. मॅस्केलिनने उत्तर दिलं, की कंपनी आपला दावा कुणाला तपासू देत नसेल तर तो बाहेरूनच तपासावा लागतो, आणि तसं करणं लोकहिताचं आहे. आजचे हॅकर याहून वेगळं काही बोलत नाहीत. गमतीची गोष्ट अशी, की मॅस्केलिनच्या पाठीशी तारांचं जाळं असलेली ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी होती आणि बिनतारी यंत्र चाललं असतं तर तिचा धंदा बसणार होता. हेतू शुद्ध नव्हता. पण दावा खोटा होता आणि तो खोटा आहे हे दाखवताना कुणाही तिऱ्हाइताचा संदेश फोडला गेला नाही, कुणाचं गुपित बाहेर आलं नाही. म्हणून हेतूत खोट असूनही मला ती घटना क्षम्य वाटते. हेतूची परीक्षा तशीही निरुपयोगी. मनात कोण डोकावणार?

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमधून ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली, आणि ते नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त काळ बंद राहिलं. त्यानंतर जूनच्या सुरुवातीला लल्झसेक नावाच्या टोळक्याने सोनी पिक्चर्सची वेबसाइट फोडली. पद्धत वापरली ती एसक्यूएल इंजेक्शन नावाची, म्हणजे वेबसाइटवरच्या शोधपेटीसारख्या रकान्यात नावाऐवजी डेटाबेसला दिलेला हुकूम टाइप करायचा, आणि वेबसाइटने तो भाबडेपणाने पाळायचा. ही युक्ती तेव्हाही दशकभर जुनी होती. आत पासवर्ड साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले सापडले. टोळक्याने मोठ्या दिमाखात जाहीर केलं की अशी कंपनी हे मागूनच घेत होती, आणि मग हजारो सामान्य लोकांची नावं, पत्ते, पासवर्ड इंटरनेटवर टाकून दिले. त्याच महिन्यात त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून ६२ हजार ईमेल-पासवर्डही असेच वाटले. लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तमाशा पाहणाऱ्यांनी ती यादी उतरवली, अनोळखी माणसांच्या फेसबुक आणि ॲमेझॉन खात्यांत शिरून धुडगूस घातला, आणि वर त्याच्या बढाया मारल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार. सोनीला ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी एप्रिलच्या चोरीबद्दल २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड केला. एवढ्या अवाढव्य कंपनीला तो फारसा बोचला नसावा. ज्याचं ईमेल खातं भलत्याच कुणी उघडलं, त्याला मात्र सोनीच्या डेटाबेसमध्ये दोष होता हे कळून काय मिळालं?

इथे हॅकरांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे या धंद्यातलं अनुभवाचं सत्य आहे, असं ते म्हणतात. सभ्यपणे पाठवलेला ईमेल कचऱ्यात जातो, त्याला उत्तर आलं तर ते वकिलाकडून येतं. आणि हे खोटं नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये खलील श्रेतेह या पॅलेस्टिनी तरुणाला फेसबुकमध्ये दोष सापडला. ओळख असो वा नसो, कुणाच्याही भिंतीवर काहीही लिहिता येत होतं. त्याने रीतसर कळवलं. उत्तर आलं, हा दोष नाही. त्याने पुन्हा सांगून पाहिलं. अखेर त्याने मार्क झुकरबर्गच्याच भिंतीवर जाऊन लिहिलं, आणि त्यानंतर काही मिनिटांतच कंपनीचे इंजिनिअर त्याच्याकडे विचारणा करू लागले. दोष बुजला, बक्षीस मात्र नाकारण्यात आलं, कारण दुसऱ्याच्या खात्यावर प्रयोग करून त्याने नियम मोडला होता. मग सुरक्षाक्षेत्रातल्याच लोकांनी वर्गणी काढून त्याला १० हजार डॉलरांहून जास्त रक्कम मिळवून दिली. माझ्या मते वर्गणी काढणाऱ्यांचं बरोबर होतं. पण या प्रसंगातून जे निघतं ते लल्झसेकच्या बाजूचं नाही. श्रेतेहने नाक दाबलं ते कंपनीच्या मालकाचं. त्याने कुणाचे निरोप उघडले नाहीत की कुणाची माहिती नेली नाही. कंपनीला लाजवण्यासाठी ग्राहकाला उघडं करावंच लागतं, हे गृहीतकच मुळात कच्चं आहे.

लाजवायचं कसं, याच्या चांगल्या रीती गेल्या काही वर्षांत रुळल्याही आहेत. गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा २०१४ मध्ये सुरू झालेला गट दोष सापडला की कंपनीला कळवतो आणि ९० दिवसांची मुदत घालतो. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर तपशील जाहीर. हा शिरस्ता त्यांनी मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलसारख्यांनाही लावला आणि त्यावरून पुष्कळ कुरबुरी झाल्या. इथे जाहीर होतो तो दोष. त्यामागची माणसं नव्हेत. अर्थात दोष जाहीर केला तर चोरही तो वाचतात, आणि कंपनीने दुरुस्ती केलेलीच नसेल तर फटका पुन्हा ग्राहकालाच. हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. एवढंच म्हणता येईल, की मुदत देणाऱ्याने कंपनीला ग्राहकाला वाचवायची संधी दिलेली असते, आणि ग्राहकालाही ती सेवा सोडून द्यायची. डेटा ओतून देणारा यांतली एकही संधी कुणाला देत नाही.

किती पाहिलं म्हणजे पुरे, याची चर्चा नुसती वर्तमानपत्रांत नव्हे, न्यायालयातही झाली आहे. हेंक क्रोल हे नेदरलँड्समधले राजकारणी आणि पत्रकार. २०१२ मध्ये एका रुग्णाने त्यांना सांगितलं, की एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या नोंदी उघडणारा पाच आकडी पासवर्ड आपल्या कानावर पडला आहे. क्रोल यांनी तो वापरून पाहिला. रुग्णांच्या फाइली खरोखरच उघडल्या. त्यांनी काही फाइली पाहिल्या, छापून घेतल्या, नावं झाकून प्रादेशिक वाहिनीला दाखवल्या. खटला झाला. २०१३ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने निकाल दिला तो मला या सगळ्या विषयावरचा सर्वांत शहाणा निकाल वाटतो. रुग्णांच्या नोंदी इतक्या सैल ठेवणं ही लोकांसमोर यायलाच हवी अशी गोष्ट होती, हे न्यायालयाने मान्य केलं. पण दोष सिद्ध करायला गरज होती त्याहून जास्त फाइली त्यांनी उघडल्या, आणि प्रयोगशाळेला दुरुस्तीला पुरेसा अवधी न देता वाहिनी गाठली. दंड ७५० युरो. म्हणजे फाटक ढकलून पाहिल्याबद्दल नव्हे, तर आत गेल्यावर थांबला नाही म्हणून दंड. त्याच वर्षी डच सरकारने अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूत्रं जाहीर केली, आणि तिथले सरकारी वकील खटला भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारू लागले: यात लोकहित होतं का, केलेली कृती गरजेइतकीच होती का, आणि याहून सौम्य मार्ग उपलब्ध होता का. उलट तिथल्या सरकारी वेबसाइटमध्ये दोष शोधून देणाऱ्याला सरकार एक टी-शर्ट भेट देतं. त्यावर लिहिलेलं असतं, की मी डच सरकार हॅक केलं आणि मिळाला काय तर हा भिकार टी-शर्ट. आपल्याकडच्या एखाद्या खात्याने अशी थट्टा स्वतःवर करून घेतलेली पाहायला मला आवडेल.

आपल्याकडे रिवाज उलटा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती उघडणाऱ्याच्या मागे पोलीस. २०१८ च्या जानेवारीत ‘ट्रिब्यून’ या चंडीगडच्या दैनिकाच्या वार्ताहर रचना खैरा यांनी दाखवून दिलं, की ५०० रुपये मोजले की आधारच्या नोंदी पाहायला देणारं लॉग-इन काही मिनिटांत विकत मिळतं. बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या नोंदी सुरक्षित आहेत, असा खुलासा आधार प्राधिकरणाने केला, तो खराही असेल. पण त्यासोबत पोलिसांत तक्रारही गेली, आणि तिच्यात वार्ताहराचंच नाव होतं. देशभर ओरड झाल्यावर, रोख अज्ञात आरोपींवर आहे, अशी सारवासारव सरकारला करावी लागली. कायदा अशा तक्रारीला पुरेशी जागा देतो, हेही खरं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या ४३व्या कलमाप्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश केला की भरपाईची जबाबदारी येते. तिथे हेतू विचारला जात नाही. हीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर ६६वं कलम लागतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. म्हणजे प्रामाणिक माणूस तुरुंगातून कदाचित सुटेल, पण सुटायच्या आधी त्याला कपट नव्हतं हे दाखवत पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील. लॅपटॉप तोवर मुद्देमालाच्या कपाटात.

कायद्याच्या बाजूने बोलणारे विचारतात, की तुम्हाला बोलावलं कुणी? चांगल्या माणसाला सूट दिली तर उद्या प्रत्येक चोर पकडल्यावर सांगेल, मी तपासत होतो. शंका रास्त आहे, आणि म्हणूनच मोजमाप नोंदींच्या संख्येचं असावं, मनातल्या हेतूचं नको, असं मी म्हणतो. सर्व्हरच्या नोंदवहीत कुणी किती विनंत्या पाठवल्या, काय उतरवून घेतलं, हे लिहिलेलं असतं. कंपनीला पाठवलेल्या ईमेलवर तारीख असते. चोराला या दोन कागदांपुढे बतावणी करणं कठीण आहे. शिवाय कायद्याच्या धाकाने थांबतो तो कोण? ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली आणि उरलेली रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळवली गेली. त्या टोळीने आत शिरण्यापूर्वी ४३वं कलम चाळलं नसणार. ते चाळतो तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा, ज्याला आपल्याच पतसंस्थेच्या वेबसाइटवर क्रमांक बदलल्यावर शेजाऱ्याचं पासबुक दिसलं. तो मुकाट्याने टॅब बंद करतो. दोष तसाच राहतो आणि ज्याला कायद्याची पर्वा नाही त्याची वाट पाहत बसतो.

माझं मोजमाप सगळीकडे पुरतं असं मात्र नाही. २०१० मध्ये हरिप्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंगग्रिप या संशोधकांनी भारतीय मतदानयंत्रात फेरफार कसा करता येतो याचं प्रात्यक्षिक दाखवलं. यंत्रं बनवतात भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपन्या. ती बाजारात विकत मिळत नाहीत. या तिघांकडे आलेलं यंत्र मुंबईच्या सरकारी गोदामातलं होतं. ते कुणी दिलं हे सांगायला नकार दिल्यावर ऑगस्टमध्ये हरिप्रसाद यांना हैदराबादेत अटक करून मुंबईला आणलं, आणि आठवड्याभराने जामीन मिळाला. प्रत्यक्ष निवडणुकीतल्या पहाऱ्यात असं काही शक्य नाही, ही निवडणूक आयोगाची भूमिका होती आणि आहे. तो वाद इथे चालवायचं कारण नाही. इथे प्रश्न एवढाच, की कुणाचीही माहिती न पाहता, एकाही मताला हात न लावता केलेली ही तपासणी माझ्या नियमात चोख बसते, आणि तरीही सरकारी मालमत्ता गोदामातून नाहीशी झाली हे उरतंच. तपासायची सरळ वाटच ठेवली नाही की माणसं आडवाटेने जातात, आणि मग आडवाटेने गेले म्हणून त्यांनी काय पाहिलं याची चर्चा कुणी करत नाही.

सरळ वाट म्हणून आज बोट दाखवलं जातं ते बग बाउंटीकडे, म्हणजे दोष शोधणाऱ्यांसाठीच्या बक्षीस योजनेकडे. नेटस्केपने १९९५ मध्ये ती काढली, पुढे गूगल आणि फेसबुकमुळे ती फोफावली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘हॅक द पेंटागॉन’ नावाने हॅकरांना चक्क आमंत्रण दिलं, तेव्हा १३८ खरे दोष हाती लागले. त्याच आनंद प्रकाशला त्या वर्षी फेसबुकने १५ हजार डॉलर दिले. पासवर्ड विसरल्यावर येणारा सहा आकडी कोड मुख्य साइटवर दहा-बारा वेळा चुकला की खातं अडायचं. पण कंपनीच्या चाचणीसाठीच्या साइटवर तो अडसर घालायचा राहून गेला होता, तेव्हा दहा लाख शक्यता एकामागून एक टाकत कुणाचंही खातं उघडता आलं असतं. त्याने ते करून पाहिलं स्वतःच्या खात्यावर. योजना म्हणून हे उत्तमच, पण बाउंटीची दोरी कंपनीच्या हातात असते. काय तपासायचं, काय बोलायचं, कधी बोलायचं हे तीच ठरवते. २०१६ मध्ये उबरमधून ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेणाऱ्या दोघांना कंपनीने एक लाख डॉलर दिले आणि ती खंडणी बाउंटीच्या खात्यावर मांडली. ग्राहकांना वर्षभर पत्ता नव्हता. तेव्हाचे सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन २०२२ मध्ये दोषी ठरले, ते हे लपवल्याबद्दल. झोमॅटोच्या तडजोडीत मला जे खटकतं तेही इथलंच. सौदा दोघांनी केला, मिटला दोघांत; प्रती खरोखर नष्ट झाल्या का, हे ज्यांच्या त्या प्रती होत्या त्यांना हॅकरच्या शब्दावर मानून घ्यावं लागलं. कंपनीने निदान लपवलं नाही, हे तिच्या पदरात टाकायला हवं.

बाहेर कायदे सरकत आहेत. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२ च्या मे महिन्यात आपल्या वकिलांना सांगितलं, की सद्भावनेने केलेल्या सुरक्षा संशोधनावर संगणक-गैरवापर कायद्याखाली खटले भरू नका. बेल्जियमने २०२३ मध्ये अशा संशोधकांना अटी घालून कायद्याचंच संरक्षण दिलं. गरजेपलीकडे जायचं नाही ही त्यातली एक अट. आपल्याकडे सर्ट-इन ही केंद्राची संस्था दोषांची माहिती स्वीकारते, पण कळवणाऱ्याला ४३व्या कलमापासून आडोसा देत नाही. तो द्यायला नवा कायदाही नको. आहे त्याच कलमाला अपवाद जोडता येईल, की दोष सिद्ध करण्यापुरतंच पाहिलं, काही ठेवून घेतलं नाही, ताबडतोब कळवलं आणि मुदत दिली, तर भरपाई नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही संधी होती. त्यात हलगर्जी कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड ठेवला आहे, आणि कर्तव्यात चुकलेल्या किंवा खोटी तक्रार करणाऱ्या नागरिकालाही १० हजारांपर्यंत. दोष दाखवणाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि ज्याची माहिती फुटली त्याला? माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३-अ हे कलम अशा माणसाला कंपनीकडून भरपाई मागू देत होतं. नव्या कायद्याने ते वगळायचं ठरवलं आहे. २५० कोटींचा दंड वसूल झालाच, तर तो भारताच्या संचित निधीत जमा होईल.